जुने भिंग आणि अंधुक चित्र

छायाचित्रणाच्या इतिहासावर बोलावयाचे म्हटले की वक्ते बहुधा उत्तम चित्रांविषयी बोलतात. मी आज बिघडलेल्या चित्रांविषयी बोलणार आहे. त्यातही हात हलल्यामुळे किंवा रसायन चुकल्यामुळे बिघडलेली चित्रे बाजूला ठेवू. दुसऱ्या कोणी वापरून विकलेल्या भिंगातून जे अंधुक चित्र निघते, त्याचे कारण कोठे शोधावे, एवढाच प्रश्न मी घेतला आहे. विषय लहान दिसतो खरा. परंतु आपल्याकडील छायाचित्रणाचा पुष्कळसा संसार जुन्या भिंगांवरच झालेला आहे.

दुधनी हे सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, महाराष्ट्राच्या हद्दीवरचे गाव. एका घरात मराठी, तर शेजारच्या घरात कानडी. इकडे अक्कलकोट, तिकडे गाणगापूर; दोन्हीकडे यात्रा, आणि यात्रा म्हटली की रंगवलेला पडदा टांगून बसलेला फोटोवाला आलाच. अशा गावांतून पूर्वी कित्येक माणसांचा जन्मात एकच फोटो निघाला. त्या एका फोटोत चेहऱ्याच्या जागी धुके असले, तर त्या माणसाचा चेहरा नातवंडांना कायमचा अनोळखी राहतो. मग घरात म्हणतात, "फोटोवाल्याचे भिंगच जुने होते." मला वाद घालावयाचा आहे तो ह्या वाक्याशी.

काच म्हातारी होत नाही, निदान आपण समजतो तशी होत नाही. यॉर्कचे हॅरल्ड डेनिस टेलर हे १८९३ साली तीन काचांचे प्रसिद्ध 'कुक' भिंग तयार करणारे गृहस्थ. जुन्या, पृष्ठभागावर किंचित डाग धरलेल्या भिंगातून नव्यापेक्षा अधिक प्रकाश पार जातो, असे त्यांच्या ध्यानात आले. हवेच्या परिणामाने काचेवर जो अतिसूक्ष्म थर चढतो, तो प्रकाशाचे परावर्तन कमी करतो. पुढे १९३५ साली झाइस कारखान्यात स्माकुला यांनी तसाच थर निर्वात पात्रात मुद्दाम चढविण्याची रीत काढली, आणि आज चांगल्या भिंगांवर जी रंगीत झाक दिसते ती त्यातूनच आली. म्हणजे म्हातारपणाचा डाग हा पुढे अलंकार ठरला! तेव्हा भिंग अंधुक चित्र देत असेल, तर त्याचे वय विचारण्याआधी ते कोणाकोणाच्या हातून आले आणि आज कोणत्या पेटीवर बसले आहे, हे विचारले पाहिजे.

ह्या तपासाचा इतिहास छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३९ साली दागेरची कृती जाहीर झाली, आणि थोड्याच दिवसांत चित्रकारांना एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. दुधी काचेवर चित्र नीट जुळवावे, डोळ्यांना अगदी रेखीव दिसावे, आणि पत्र्यावर मात्र अस्पष्ट उतरावे. कारण असे की, डोळा मुख्यतः पिवळ्या प्रकाशावर पाहतो, आणि त्या काळचा पत्रा निळ्या-जांभळ्या प्रकाशाने उमटत असे. त्या वेळच्या भिंगांतून हे दोन प्रकाश एकाच जागी एकत्र येत नसत. लंडनमध्ये धंदा करणारे फ्रेंच छायाचित्रकार आंत्वान क्लॉडे यांनी १८४० नंतरच्या काही वर्षांत ह्याचा छडा लावला. त्यांनी क्रमांक घातलेले तुकडे निरनिराळ्या अंतरांवर मांडले आणि मधल्या क्रमांकावर भिंग जुळवून चित्र घेतले. डोळ्याने जुळवला एक क्रमांक आणि चित्रात रेखीव आला दुसरा, की दोष कोणता आणि किती हे दोन्ही एकदम कळे. मग भिंग तेवढे पुढेमागे सरकवावयाचे, एवढेच काम उरे.

क्लॉडे यांची ही युक्ती मला फार मोलाची वाटते. तिला पैसा लागत नाही आणि ती आजही तशीच चालते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. तेव्हा भिंग विलायतेहूनच यावयाचे, आणि मायदेशी परतणारा साहेब सामानसुमान लिलावात काढून जावयाचा, अशी रीत होती. त्या लिलावांतून हातोहात फिरत भिंगे खाली उतरली: साहेबाकडून शहरातल्या दुकानाकडे, दुकानाकडून तालुक्याच्या फोटोवाल्याकडे.

ह्या उतरंडीत भिंगाचे काय होते? पहिली गोष्ट म्हणजे ते कोणीतरी उघडतो. १८४० साली व्हिएन्नाच्या योजेफ पेट्झव्हाल यांनी गणिताने सिद्ध केलेले आणि फोइग्टलेंडर यांनी बनविलेले भिंग पुढे कित्येक दशके व्यक्तिचित्रांचे मुख्य साधन होते. त्याच्या पुढच्या दोन काचा चिकटवलेल्या, परंतु मागच्या दोन सुट्या, मध्ये हवा असलेल्या. पुसण्यासाठी मागचा भाग उघडला आणि एखादी काच उलटी बसली, तर भिंग दिसावयास तसेच दिसते. चित्र मात्र कडेने वितळल्यासारखे येते. मालक दोन-तीन वर्षे कुरकुरतो आणि मग विकून टाकतो. घेणारा म्हणतो, जुने आहे. दोष काच उलटी घालणाऱ्या हाताचा, आणि बदनामी वयाची!

ह्याची परीक्षा सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावून भिंगाकडे तिरपे पाहावे. हवेला लागलेली प्रत्येक बाजू दिव्याचे एक ठळक प्रतिबिंब देते आणि चिकटवलेला सांधा एक फिकट. पेट्झव्हाल जातीच्या भिंगात सहा ठळक आणि एक फिकट प्रतिबिंब दिसले पाहिजे. १९०२ साली पॉल रुडॉल्फ यांनी झाइससाठी काढलेल्या, सुप्रसिद्ध 'टेसार' भिंगातही हिशेब तोच. हिशेब कमी भरला तर काच गहाळ आहे. तो बरोबर आहे, पण प्रतिबिंबांचे लहानमोठेपण दुसऱ्या तशाच भिंगाशी जुळत नाही, तर काच उलटी आहे. भिंग पुन्हा न उघडता एवढे कळते.

कधी कधी तर अंधुकपणा हाच भिंगाचा गुण म्हणून विकला गेलेला असतो. लंडनच्या डॅलमेयर यांनी १८६६ साली व्यक्तिचित्रांसाठी एक भिंग काढले. त्याची मागची कडी थोडी फिरवली की चेहरा मऊ, सुरकुत्या झाकणारा असा येई. आता असे भिंग कडी फिरवलेल्या स्थितीत चौथ्या-पाचव्या मालकाकडे आले, आणि त्याला कडीचे रहस्य कोणी सांगितले नाही, तर तो बिचारा जन्मभर भिंगाला शिव्या देणार.

दुसरी गोष्ट हवेची. मुंबईत वर्षाला ८०-९० इंच पाऊस, तर आपल्या ह्या भागात जेमतेम २०-२५ इंच. मुंबईच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या भिंगात बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सापडतात. ते भिंग दुधनीला आणल्याने कोरडे होईल, धागे जाणार नाहीत. इकडच्या भिंगांचे दुखणे निराळे. उन्हाळ्याच्या तापाने फिरत्या कडीतले वंगण पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर आणि काचांवर पसरते, त्यावर धूळ बसते. आणि काचा ज्याने चिकटवलेल्या असतात तो कॅनडा बालसम पिवळा पडून कडेने सुटू लागतो. ह्या सर्वांची खूण एकच: चित्र सगळीकडे सारखेच धुरकट येते, काळा रंग करडा होतो, पण रेषा पाहिल्या तर बऱ्याच वेळा जागच्या जागी असतात. धुरकटपणा आणि अस्पष्टपणा ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, आणि आपण बोलताना त्या सर्रास एक करतो. भिंगामागून दिव्याचा झोत टाकला की पहिल्याचे मूळ उघडे पडते. दुसऱ्यासाठी अंतर मोजावे लागते.

अंतराची गोष्ट निघाली म्हणजे कोल्हापूरची आठवण होणे अपरिहार्य आहे. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. मुंबईहून एक जुना प्रक्षेपक आणून त्यांनी चित्रपट दाखविले, आणि दाखविता दाखविता त्या यंत्राचा अभ्यास केला. फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले होते. ह्या दोघांपाशी त्यासाठी पैसा नव्हता. आनंदरावांनी कॅमेरा स्वतःच घडवावयास घेतला. १९१६ साली काम अपुरे टाकून ते गेले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून १९१८ पर्यंत तो कॅमेरा चालता केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात झळकला. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले, ते ह्याच चित्रानंतर.

घरी घडविलेल्या कॅमेऱ्याचे कौतुक आपण दांते आणि चाके घडविली म्हणून करतो. मला वाटते, खरे कौतुक दुसऱ्याच ठिकाणी आहे. यात्रेतल्या फोटोवाल्याच्या मोठ्या प्लेटला भिंगापासूनच्या अंतरात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची चूक सहसा खपून जाते. चित्रपटाच्या फिल्मचे तसे नाही. तिचे चित्र जेमतेम एक इंच रुंद. बारा फुटी पडद्यावर ते १४४ पट मोठे व्हावयाचे. ५० मिलिमीटरच्या, एफ/३.५ च्या भिंगामागे फिल्म आपल्या जागेवरून मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा थोडीच अधिक, ढळली की चित्र पडद्यावर फुटलेच. शिवाय ती फिल्म सेकंदाला सोळा वेळा थांबते आणि सोळा वेळा पळते. दर वेळी तिने त्या एका केसाच्या आत सपाट उभे राहिले पाहिजे. भिंग विकत मिळते. हे अंतर कोठे विकत मिळत नाही. कोल्हापुरात ते हाताने साधले.

नेमके हेच अंतर आज जुनी भिंगे घेणाऱ्या तरुणांना चकवते. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर, कॅमेऱ्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. बडोद्यात तयार होणाऱ्या साध्या आग्फा क्लिक-थ्रीवर सामान्यांनी हौस भागवली, आणि धंदेवाले जुन्या भिंगांकडे वळले. ते निर्बंध गेले, परंतु जुन्या भिंगांची आवड आता हौसेने परत आली आहे. पुष्कळांच्या हाती रशियन 'हेलिऑस-४४' हे ५८ मिलिमीटरचे भिंग दिसते. ते ज्या स्क्रूच्या कॅमेऱ्यासाठी बनले, त्यात बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर होते. निकॉनच्या पूर्वीपासूनच्या बैठकीत ते ४६.५ आहे. मधली साधी कडी लावून हे भिंग त्यावर बसविले, की ते एका मिलिमीटराने पुढे राहते. आणि त्या एका मिलिमीटराची किंमत अशी की, सुमारे सव्वातीन मीटरपलीकडचे काहीच रेखीव येत नाही. समोर बसलेल्या मुलाचा चेहरा लख्ख, आणि त्याच्यामागचे देवळाचे शिखर कितीही जुळवले तरी पाण्यात बुडालेले. मग भिंग पुन्हा विकावयास निघते, आणि पुन्हा तेच ऐकू येते: जुने होते.

म्हणून क्लॉडे यांच्या युक्तीकडे परत जावे. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा, म्हणजे हाताचा दोष गेला. मेजावर दहा-बारा काड्यापेट्या तिरप्या ओळीत उभ्या कराव्यात, त्यांवर आकडे घालावेत, मधली पेटी जुळवून भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून चित्र घ्यावे. मधली सोडून तिसरी किंवा नववी पेटी रेखीव आली, तर काच निर्दोष आहे. जुळवणीचे अंतर चुकते आहे. एकही पेटी रेखीव नाही, तर काचांची मांडणी पाहावी लागेल. नंतर एका सपाट भिंतीवर वर्तमानपत्र डकवून समोरून चित्र घ्यावे. एक बाजू स्वच्छ आणि दुसरी अंधुक, तर भिंग वाकडे बसले आहे किंवा आपटले आहे. छिद्र एफ/११ पर्यंत लहान करून पुन्हा पाहावे. अंधुकपणा बराच गेला, तर त्या भिंगावर उन्हातली कामे निर्धास्त करता येतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे पथ्य मात्र मोडू नये. ते मोडले की दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही.

आणि घरातल्या त्या धूसर फोटोचे काय? तेथेही भिंगाला दोष देण्याआधी एक पाहणी उरते. भिंतीवर असते ती प्रत. ती मोठी करताना एनलार्जरचे भिंग नीट न जुळल्याने, किंवा जुन्या फोटोचाच पुन्हा फोटो घेतल्याने चेहरा विरलेला असणे अगदी शक्य आहे. मूळ काचेची किंवा फिल्मची निगेटिव्ह माळ्यावरच्या पेटीत, बहुधा कागदी लिफाफ्यात, पडलेली असते. ती कडांनी धरून उजेडासमोर न्यावी, आणि साध्या वाचावयाच्या भिंगाने डोळ्यांच्या पापण्या पाहाव्यात. पापण्या मोजता आल्या, तर नवी प्रत काढता येते.