मेलेलं पाणी

ऑगस्ट १८९३. नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन 'फ्राम' जहाज घेऊन सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याने चालला होता. उत्तर ध्रुव गाठायचा, तर समुद्र गोठण्याआधी बराच पल्ला मारायला हवा होता. समुद्र शांत होता, इंजिन पूर्ण जोरात चालू होतं आणि जहाज मात्र कसंबसं सरकत होतं. गोल वळसे घेऊन पाहिले, उपयोग झाला नाही. इंजिन थांबवलं, की कुणीतरी मागे खेचल्यासारखं जहाज थबकायचं.

नॉर्वेचे खलाशी याला 'मेलेलं पाणी' म्हणत. यातून सुटायला ते पुढच्या पाण्यावर तेल ओतत, डेकवर पुढेमागे धावत, पाण्यात बंदुकाही झाडत. ऐकणाऱ्याला ही भाकडकथाच वाटावी.

नान्सेनने मात्र एक गोष्ट टिपून ठेवली. वरचं पाणी पिण्याइतकं गोडं होतं. जहाजाच्या तळातून घेतलेलं पाणी बॉयलरलाही चालणार नाही इतकं खारट.

परतल्यावर त्याने हे कोडं विल्हेल्म ब्यर्कनेसपुढे ठेवलं. वितळलेल्या बर्फाचं हलकं पाणी जड खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. ब्यर्कनेसचा तर्क असा, की जहाज या दोन थरांच्या सीमेवर लाटा उठवतं आणि इंजिनाची ताकद त्यातच खर्च होते. वरून समुद्र आरशासारखा, लाटा सगळ्या पोटात. त्याचा विद्यार्थी वाल्फ्रिड एकमान याने टाकीत गोडं आणि खारं पाणी थरांत भरलं, जहाजाची छोटी प्रतिकृती ओढली आणि त्या लाटा उठवून दाखवल्या.

गंमत म्हणजे, अशा लाटांचं गणित जॉर्ज स्टोक्सने १८४७ मध्येच मांडलं होतं. त्यात कळीचा आकडा दोन थरांच्या घनतेतला फरक. जड पाणी वर असेल, तर वर्गमुळाखालची संख्या ऋण होते. म्हणजे लाट टिकत नाही, थर उलथतात. हलकं पाणी वर असेल, तर लाट स्थिर राहते, पण अतिशय मंद चालते. फरक अडीच टक्के आणि वरचा थर २ मीटरचा धरला, तर वेग सेकंदाला जेमतेम ०.७ मीटर येतो. आपण चालतो त्याहूनही कमी. जहाजाचा वेग या लाटेच्या आसपास असला, की अडथळा सर्वांत जास्त. त्याहून बराच वेग असेल, तर जहाज सुटतं. 'फ्राम'च्या इंजिनात तेवढा जोर नव्हता.

म्हणजे गणित पन्नास वर्षं कागदावर होतं, अनुभव खलाशांच्या तोंडी. दोघांची गाठ पडली नव्हती. एकमानचा प्रबंध १९०४ मध्ये आला. त्यात समीकरणांच्या सोबतीने त्याने खलाशांच्या हकिगतीही जमवून छापल्या. तेल आणि बंदुका निरुपयोगी ठरल्या. पण पाणी जहाजाला धरून ठेवतं, हे त्यांचं म्हणणं खरं निघालं.