अर्बुदरोधक प्रथिने : मुंबईतील एका प्रश्नाचा मागोवा

१९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध अभ्यासला. तथापि आनुवंशिकतेतून नेमके काय संक्रमित होते, हे त्या काळी अज्ञात होते.

१९७९ मध्ये आढळलेले पी-५३ हे प्रथिन प्रारंभी कर्करोगास पोषक मानले गेले. १९८९ मध्ये ते वस्तुतः अर्बुदरोधक असल्याचे स्पष्ट झाले. डीएनएला इजा होताच ते पेशीविभाजन थांबवून दुरुस्तीस अवधी देते. इजा गंभीर असल्यास पेशीला नियोजित मृत्यूकडे नेते. ते निकामी झाल्यास सदोष पेशी मरत नाही, उलट वाढत राहते. १९९४ मध्ये बीआरसीए-१ या जनुकाचा शोध लागला. त्यापासून बनणारे प्रथिन डीएनएच्या दुरुस्तीस साहाय्य करते.

अशा प्रकारे रणदिवे यांच्या पिढीच्या प्रश्नाचे अंशतः उत्तर मिळाले : वारशाने येतो तो कर्करोग नव्हे, तर संरक्षणातील उणीव होय. रोगास घराण्याचा शाप मानणाऱ्या समाजात हा भेद अध्यापनातून ठसवणे अगत्याचे आहे.