वाळूने राखलेले कथीड्रल

अबू सिंबेलच्या त्या चार विराट मूर्ती आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रांत पाहिल्या असतील. नाईलवर अस्वानचे उंच धरण बांधावयाचे ठरले आणि नुबियाचे सारे खोरे पाण्याखाली जाणार हे निश्चित झाले, तेव्हा ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला हाक दिली. मंदिराचे दगड कापून ते सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आले. १९६८ साली ते काम पुरे झाले. या मोहिमेचा वृत्तान्त बहुधा येथेच संपवितात. आमचे मन मात्र सुदानच्या सीमेवरील फरस या गावी रेंगाळते.

सहाव्या शतकात नुबियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथील ख्रिस्तसभा रोमशी नव्हे, तर अलेक्झांड्रियाच्या कॉप्टिक परंपरेशी जोडलेली होती. म्हणूनच की काय, आमच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत तिचा उल्लेख सहसा आढळत नाही. १९६१ ते १९६४ या काळात काझिमिएझ मिखालोव्स्की यांच्या पोलिश पथकाने फरसची टेकडी खोदली. आत वाळूने गच्च भरलेले कथीड्रल निघाले. ज्या वाळूने ते बुजविले, तिनेच भिंतींवरील रंगही जपले होते. संत, देवदूत, राजे, बिशप अशी शंभराहून अधिक भित्तिचित्रे! पाणी चढत होते. पातळ कागद व मेण लावून चित्रांचा गिलावा भिंतीपासून अलगद सोडविण्यात आला. चित्रांची वाटणी खार्टूम व वॉर्सा येथील संग्रहालयांत झाली. आपल्या देशाचे पथकही या मोहिमेत होते. १९६१-६२ मध्ये बी. बी. लाल यांनी नुबियात अफ्येह येथे उत्खनन केले.

या सहकार्यातूनच १९७२ चा जागतिक वारसा करार आकारास आला. जुन्या गोव्याची चर्चे व मठ १९८६ साली त्याच करारान्वये यादीत आले. तथापि एक शल्य उरतेच. दगड हलले, चित्रे हलली. पण खजुरीच्या बनांसह नुबियन गावे बुडाली आणि सुमारे लाखभर माणसे दूर वसविली गेली. माणूस आणि भूमी यांनी मिळून घडविलेला ‘सांस्कृतिक भूप्रदेश’ हाही वारसा होय, हे या करारात मान्य होण्यास १९९२ साल उजाडले. तोवर फरसच्या टेकडीवर नासर सरोवराचे पाणी पसरून अनेक वर्षे लोटली होती.

तेथील संत ॲना आज वॉर्सात आहे. तिचे बोट ओठांवर टेकलेले आहे.