बोटभर भांगेला आलेली फुलं

काचघराचं दार लोटता आणि चष्म्यावर वाफ धरते. ती पुसून होईपर्यंत ओल्या मातीचा वास नाकात भरलेला असतो. बाहेर पॅरिस आहे, १९११चा हिवाळा. तुम्ही पुण्याहून आलात, म्हणून थंडीपेक्षा उजेडाची चणचण जास्त जाणवते. आपल्याकडे डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा ११ तासांचा भरतो. इथे तो जेमतेम सव्वाआठ तासांचा.

फळीवरच्या कुंड्यांपाशी वाका. रोपं बोटभर उंच. पानांना करवतीसारखे दाते आहेत, पण पुरा पंजा अजून उमटलेला नाही. तरी ओळख पटते. भांग! आणि शेंड्याला चक्क फुलं. दूधपित्या वासराला शिंगं फुटावीत, तसं दिसतं ते.

युरोपातला शेतकरी हे झाड दोरखंडासाठी आणि शिडांच्या कापडासाठी लावतो. वसंतात पेरायचं, डोक्यावरून जाईल इतकं वाढू द्यायचं, मग उन्हाळ्यात फुलोरा. नर झाड पराग वाऱ्यावर सोडून वाळून जातं. मादी झाड दाणा भरेपर्यंत शेतात उभं राहतं. पुढच्या सालचं बी तिच्याच अंगावर असतं. हे सगळं वेळापत्रक या कुंड्यांनी धुडकावून लावलं आहे.

कुंड्या लावणारा वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलियँ तुर्नुआ. त्याचं मन गुंतलं होतं हॉपच्या झाडांतल्या नर-मादीच्या कोड्यात. बियरमध्ये घालतात त्या हॉपची एक जपानी बहीण आहे, आणि भांग त्यांच्याच कुळातली. तुर्नुआने जपानी हॉप आणि भांग हंगामाच्या आधीच पेरली. भिंग घ्या आणि जवळून पाहा. मादी फुलांच्या झुबक्यात एक नर फूल लोंबतंय. असली बिघडलेली फुलं त्याने टिपून ठेवली आणि त्याच वर्षी त्यांच्यावर निबंध छापला. मला हा माणूस इथेच आवडतो. रोप बिघडलं म्हणून त्याने ते उपटून फेकलं नाही. ते असं का झालं, हे तो विचारत बसला.

थंडीमुळे म्हणावं, तर काचघर उबदार आहे. मग उरतो उजेड. त्याने काही रोपांना दिवसातले मोजकेच तास उजेड दिला, बाकी वेळ अंधारात ठेवलं. ती लवकर फुलली. १९१२ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. १९१४च्या निबंधात तो आणखी एक पाऊल पुढे गेला. त्याचं म्हणणं असं, की दिवस लहान होण्यापेक्षा रात्र लांबण्यामुळे फूल येतं.

काचघरातून निघताना हे वाक्य घेऊन निघा. कारण पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही. महायुद्ध पेटलं आणि तुर्नुआ त्यात मारला गेला.

आता जुलै १९१८. वॉशिंग्टनजवळचं आर्लिंग्टन, सरकारी शेत, घाम काढणारं ऊन. इथलं दुखणं बियाण्याचंच आहे. 'मेरीलँड मॅमथ' नावाचा तंबाखू उन्हाळाभर नुसता वाढत राहतो, फुलायचं नावच घेत नाही. हिमाचे दिवस येतात तरी बी नाही. तोच तंबाखू हिवाळ्यात काचघरात नेला, की फुलतो आणि बी देतो. गार्नर आणि अ‍ॅलर्ड हे इथले दोघे शास्त्रज्ञ दुपारी चारला लखलखीत उन्हातून कुंड्या उचलून अंधाऱ्या खोपटात ढकलतात आणि सकाळी नऊला बाहेर काढतात. तंबाखू भर उन्हाळ्यात फुलतो. १९२०च्या त्यांच्या निबंधाने या प्रकाराला नाव मिळालं आणि शोधाचं श्रेयही बहुतेक त्यांनाच गेलं. रात्रीचं महत्त्व पटायला मात्र १९३८ उजाडावं लागलं. हॅम्नर आणि बॉनर या शास्त्रज्ञांनी गोखरूच्या लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ दिवा लावला, आणि ते फुलायचं थांबलं. पॅरिसच्या त्या काचघरात लिहिलेलं वाक्य खरं ठरलं, पण ते ऐकायला लिहिणारा नव्हता.

परतताना थेट घरी येऊ नका. पुण्याबाहेर शेवंतीच्या एखाद्या पॉलिहाऊसपाशी थांबा. रात्रीचे अकरा वाजलेत. वाफ्यांवरच्या बल्बच्या माळा एकदम पेटतात आणि पानापानाची सावली मातीवर पडते. शेवंतीही लांब रात्रीलाच फुलते. रात्र अशी मधेच तोडली, की ती कळी धरत नाही, देठ लांबवत राहते. बाजाराला लांब देठ हवा.

"दादा, हे दिवे कशाला?"

"झाडाला झोपू द्यायचं नाही अजून," शेतकरी म्हणतात. "देठ हातभर झाला की मग दिवे बंद. मग आपोआप कळ्या धरतात."

त्यांना त्या बोटभर भांगेची गोष्ट सांगा. ऐकता ऐकता ते वाफ्यापाशी उकिडवे बसतात आणि एका शेंड्यावरची पानं बोटाने हलकेच बाजूला करतात. कळी नाही अजून.