सरसापासून सीरमपर्यंत

१९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आले. त्याआधी आपल्याकडचे सुतार लाकूड जोडायला सरस वापरीत. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला तो चिकट पदार्थ विस्तवावर ठेवला की पातळ होई. वास मात्र नाक धरायला लावणारा. आज पेण किंवा रोह्यातल्या औषधांच्या दुकानात ‘कोलॅजन पेप्टाइड’ लिहिलेला डबा किंवा सीरमची बाटली मागितली, तर जे हाती पडते ते या सरसाचे सख्खे नातेवाईक असते. नावातच ते नाते आहे. ग्रीक भाषेत ‘कोल्ला’ म्हणजे सरस, आणि कोलॅजन म्हणजे सरस निर्माण करणारे. माशाच्या डोक्याचे कालवण थंड झाल्यावर थिजते, तेही याच कोलॅजनमुळे.

त्वचेत हे कोलॅजन काय करते, हे पेणच्या वाचकांना समजावायला फार लांब जायला नको. प्लास्टरची गणेशमूर्ती करताना साच्यात प्लास्टरबरोबर काथ्या घालतात. काथ्या नसेल तर मूर्तीला जराशा धक्क्याने तडा जातो. आपल्या कातडीतला काथ्या म्हणजे कोलॅजन. वय वाढते, ऊन लागत राहते, तसा हा काथ्या विरळ होतो आणि सुरकुत्या पडतात. मग साहजिकच मनात येते, की गेलेले कोलॅजन वरून लावावे, नाहीतर पोटातून घ्यावे.

पोटातून घेण्याची कल्पना आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनज्ञाने हाडांतून जिलेटिन, म्हणजे शुद्ध केलेला सरसच, काढून त्याचे सूप गरिबांना आणि रुग्णालयांतल्या आजाऱ्यांना पाजण्याची योजना उचलून धरली. फुकट जाणाऱ्या हाडांतून पौष्टिक अन्न! सरकारला ते स्वस्त पडणार होते आणि दानशूरांना पुण्य मिळणार होते. ते सूप पिणारे मात्र कुरकुर करीत. शेवटी फ्रेंच विज्ञान अकादमीने समिती नेमली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ मागांदी यांनी १८४१ मध्ये तिचा अहवाल मांडला. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगली नव्हती. समिती प्रामाणिक अशी, की इतर काही प्रथिने एकेकटी दिल्यावरही प्राण्यांचे पोषण होत नाही, हेही तिने नोंदवून ठेवले. जिलेटिनमधली उणीव कोणती, ते पुढे विसाव्या शतकात कळले. शरीराला अन्नातूनच मिळवावे लागणारे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल त्यात नसते. आजच्या कोलॅजन पावडरमध्येही ते नसते. म्हणून ‘प्रथिनांसाठी’ म्हणून ती घेणाऱ्याने डाळ, दूध किंवा अंडे सोडू नये.

कोलॅजनची खरी रचना उलगडली ती आपल्याच देशात. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने अभ्यास केला. नमुना होता कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा. १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा निबंध आला. अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, अगदी तिपेडी दोरासारख्या, असे त्यांचे चित्र होते. या दोरात दर तिसरा मणी ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाचा असतो, कारण आतल्या बाजूला दुसरे काही मावतच नाही. तपशिलांवरून क्रिक यांच्यासारख्यांशी वाद झाले, पण तिपेडी रचना टिकली. पुढे २००१ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रमेश बाबू आणि कृष्णा गणेश यांनी प्रयोगशाळेत बनवलेल्या कोलॅजनसदृश पेप्टाइडांमध्ये एक मणी बदलून पाहिला, आणि दोराचा पीळ अधिक घट्ट झाला. त्यांचा प्रश्न सुरकुत्यांचा नव्हता. पीळ कशाने टिकतो, हा होता. अशा कामाची जाहिरात होत नाही, हे आपले दुर्दैव.

पेप्टाइड म्हणजे तरी काय? अमिनो आम्लांची छोटी साखळी. प्रथिन हा लांबलचक हार धरला, तर पेप्टाइड म्हणजे त्यातले दोन-चार मणी. सौंदर्यप्रसाधनांना त्यांची गरज पडली ती एका अडचणीमुळे. कोलॅजनचा अख्खा रेणू सुमारे ३ लाख डाल्टन वजनाचा. आणि धड त्वचेतून साधारण ५०० डाल्टनच्या वरचे रेणू सहसा आत शिरत नाहीत, असे बोस आणि माइनार्डी यांनी २००० साली मांडले. म्हणजे चेहऱ्यावर कोलॅजन चोपडणे हे भिंतीवर काथ्या फासण्यासारखेच. तो आत कसा जाणार? छोटा तुकडा हवा. १९७३ मध्ये लॉरेन पिकार्ट यांनी मानवी रक्तद्रवातून तीन मण्यांचे एक पेप्टाइड वेगळे केले होते. १९९३ मध्ये अमेरिकेत कातायामा आणि सहकाऱ्यांना दिसले, की कोलॅजनच्या पूर्वरूपातला पाच मण्यांचा तुकडा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना नवे कोलॅजन बनवायला उद्युक्त करतो. त्याला एक स्निग्धाम्ल जोडले, की तो त्वचेच्या तेलकट थरात मुरायला सोपा. बाजारातल्या पुष्कळ ‘पेप्टाइड क्रीम’चा उगम इथे आहे.

पण बशीतल्या पेशी आणि माणसाचा चेहरा यांत फार अंतर असते. २००५ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या संशोधकांनी या पेप्टाइडची चाचणी प्रसिद्ध केली. ९३ स्त्रिया, १२ आठवडे. चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइडचे क्रीम आणि दुसऱ्या बाजूला पेप्टाइड नसलेले तेच क्रीम. कोणत्या बाजूला काय, हे लावणारीलाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. सुरकुत्यांत फरक दिसला, पण तो लहान होता. चाचणीची पद्धत चांगली होती, हे मान्य करायलाच हवे. मात्र ती करणारी कंपनी तेच विकणारी होती, हेही लक्षात ठेवावे लागते.

धाटावच्या कारखान्यांतल्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना ‘ब्लँक’ म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यात तपासायचा पदार्थ नाही असा नमुना आधी लावतात आणि मग फरक पाहतात. साधे व्हॅसलीन लावले तरी कोरडी त्वचा तुकतुकीत दिसते. ‘लावण्यापूर्वी’ आणि ‘लावल्यानंतर’च्या फोटोंत हा ब्लँक नसतो, म्हणून ते फोटो पुरावा ठरत नाहीत.

पावडरीचेही असेच झाले. ती पोटात गेल्यावर सगळी पचून अमिनो आम्ले होतात, असे पूर्वी धरीत. २००५ मध्ये जपानी संशोधकांना जिलेटिन घेतलेल्या माणसांच्या रक्तात दोन मण्यांचे अखंड तुकडेही सापडले. तेव्हा शंका घेणाऱ्यांना थोडे मागे सरावे लागले. २०१४ मध्ये जर्मनीत ६९ स्त्रियांवर ८ आठवड्यांची चाचणी झाली आणि त्वचेची लवचिकता वाढल्याचे दिसले. मग चाचण्यांची रीघ लागली. २०२५ मध्ये दोन कोरियन संशोधकांनी अशा २३ चाचण्या, एकूण १,४७४ माणसे, एकत्र मांडून पाहिल्या. सगळ्यांची सरासरी काढली तर फायदा दिसतो. पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तर ओलावा, लवचिकता, सुरकुत्या, कशातच फरक दिसला नाही. उत्तम दर्जाच्या चाचण्या निवडल्या तरी तेच. पॅरिसच्या सुपाला तपासायला सरकारी समिती तरी होती. इथे पुराव्याचा बराच भाग विकणाऱ्याच्या खर्चाने उभा आहे, आणि तो डबा घेणारी बाई मात्र घरखर्चातून पैसे बाजूला काढते.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट सांगायला हवी. कोलॅजन हे प्राण्यांचे प्रथिन आहे. झाडात ते तयार होत नाही. डब्यावर ‘वनस्पतीजन्य कोलॅजन’ असले, तर आत बहुधा ‘क’ जीवनसत्त्व आणि अमिनो आम्ले असतात. ‘क’ जीवनसत्त्व शरीराला कोलॅजनचा पीळ पक्का करायला लागते, हे खरे. पण ते आवळ्यात आणि पेरूतही असते.

सुरकुत्यांबाबत अधिक भक्कम पुरावा आहे तो उन्हाविषयी. ऑस्ट्रेलियातल्या नांबूर गावी १९९२ पासून साडेचार वर्षे एक चाचणी चालली. ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या हातांच्या पाठीचे ठसे घेऊन त्वचेचे वार्धक्य मोजले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते. एकाने रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने मनाला येईल तेव्हा. २०१३ मध्ये निष्कर्ष छापले गेले: रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी होते. ती माणसे बहुतांशी गोऱ्या कातडीची. तेव्हा पेणच्या मिठागरांत दिवसभर उन्हात उभे राहणाऱ्यांना हाच आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. त्याच चाचणीत काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या, आणि काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. त्या दोघांच्या त्वचेत फरक आढळला नाही.