तेलाच्या पैशाचे बिनमोटारी रस्ते

मोटारींचा देश म्हणून ज्याची जगभर ख्याती, त्या अमेरिकेत एका डोंगराळ अरण्यात ४५ मैल लांबीचे असे रस्ते आहेत, की ज्यांवर प्रवाशाला मोटार नेता येत नाही. तेथे चालावे, घोड्यावरून वा घोडागाडीतून हिंडावे, नाही तर सायकल मारावी. भोंगा नाही, धूर नाही, मागून कोणी अंगावर येईल ही धास्ती नाही. आणि मौज अशी, की ज्या गृहस्थांनी हे रस्ते पदरच्या पैशाने बांधले, त्यांच्या घरची दौलत सारी तेलाच्या व्यापारातली! मोटारींना तेल पुरवणाऱ्या घराण्यातल्या मुलाने मोटारींना मज्जाव करणारे रस्ते का बांधावेत, आणि घोडागाड्यांसाठी बांधलेले ते रस्ते शेवटी सायकलवाल्यांच्या वाट्याला कसे यावेत, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

जागा म्हणजे माउंट डेझर्ट नावाचे बेट. अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्याला अगदी लागून ते अटलांटिक समुद्रात आहे. मूळचे ते वाबानाकी लोकांचे. १६०४ साली साम्युएल द शांप्लँ हा फ्रेंच दर्यावर्दी तिथून गेला. डोंगरांचे माथे उघडेबोडके दिसले म्हणून त्याने त्याला ‘उजाड डोंगरांचे बेट’ असे नाव दिले. माथे उजाड खरे, पण खालच्या अंगाला सूचिपर्णी झाडांचे दाट रान आणि डोंगरांच्या मधल्या खोलगटीत निळीशार तळी आहेत. सर्वांत उंच शिखर कॅडिलॅक, अवघे १५३० फुटांचे. आपल्या कळसूबाईपुढे ते टेकाडच म्हणायचे! ज्या फ्रेंच सरदाराचे नाव ह्या शिखराला आहे, त्याचेच नाव एका प्रसिद्ध अमेरिकन मोटारीलाही आहे. तेवढी एक मोटार मात्र ह्या डोंगराला नावापुरती चिकटलेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टॉमस कोल, फ्रेडरिक चर्च असे चित्रकार ह्या बेटावर आले. त्यांची चित्रे पाहून शहरातले श्रीमंत लोक आले. त्यांनी उन्हाळ्यासाठी बंगले बांधले आणि त्या प्रासादांना विनयाने ‘झोपडी’ म्हणू लागले. सकाळी डोंगर चढावा, दुपारी घोडागाडीतून रपेट करावी, असा त्यांचा दिनक्रम. तेवढ्यात मोटार आली.

इथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची पहिली मोठी ओरड मोटारवाल्यांनी केली नाही. ती सायकलवाल्यांनी केली. १८८० साली त्यांचा देशव्यापी संघ निघाला होता आणि चिखल तुडवून कंटाळलेल्या त्या मंडळींनी ‘चांगले रस्ते हवेत’ अशी चळवळच उभी केली. रस्ते पुढे झाले. पण ते होईतो मोटार जन्माला आली आणि ज्यांनी रस्ता मागितला त्यांनाच तिने कडेला ढकलले. भाऊबंदकीत असे घडते, तसेच हे झाले.

माउंट डेझर्टवर मात्र लोकांनी मोटारीला काही वर्षे वेशीबाहेर थोपवून धरले. १९०९ साली राज्याने बेटावरच्या गावांना तसा अधिकार दिला. पण गावात बारमाही राहणाऱ्या अनेकांना मोटार हवी होती, आणि त्यांचेही काही चुकत होते असे मला वाटत नाही. उन्हाळ्यापुरते येणाऱ्याला शांतता हवी असते, आणि तिथेच जन्म काढणाऱ्याला बाजारहाट आणि डॉक्टर जवळ हवे असतात. १९१३ साली बार हार्बर हे मुख्य गाव मोटारींना खुले झाले आणि १९१५ साली सारे बेट.

नेमक्या ह्याच वेळी जॉन डी. रॉकफेलर, धाकटे, ह्यांनी रस्ते बांधायला घेतले. थोरल्या रॉकफेलरांनी १८७० साली ‘स्टँडर्ड ऑइल’ कंपनी काढली. ह्या कंपनीचे घासलेट हिंदुस्थानातही विकले जाई. आपला ‘रॉकेल’ हा शब्द मात्र त्यांच्या आडनावावरून आलेला नाही. त्याचा उगम ‘रॉक ऑइल’, म्हणजे दगडातून निघणारे तेल, ह्यात सांगतात. धाकटे साहेब १८७४ सालचे. १९१० साली त्यांनी बेटावर सील हार्बर इथे बंगला घेतला. त्यांना घोडागाडी हाकण्याचा नाद होता आणि रस्ते कसे आखावेत हे ते वडिलांच्या हाताखाली, घरच्या इस्टेटीवर शिकले होते. सार्वजनिक रस्त्यांवर मोटार येणार हे ठरल्यावर त्यांनी भांडण केले नाही. जमीन विकत घेतली आणि आपले निराळे रस्ते आखले.

१९१३ ते १९४० अशी सत्तावीस वर्षे हे काम चालले. एकूण सुमारे ५७ मैल रस्ते झाले. त्यांतले ४५ मैल आज राष्ट्रीय उद्यानात आहेत. रुंदी सोळा फूट. खाली मोठ्या दगडांचे सोलिंग, त्यावर खडी, त्यावर बारीक थर, असे दगडाचे तीन थर. मधला भाग कडेपेक्षा सहा ते आठ इंच उंच, कासवाच्या पाठीसारखा, म्हणजे पाणी थांबायला नको. दोन्ही अंगांना रुंद चर, जागोजागी दगडी मोऱ्या. कड्याच्या बाजूला गाडी घसरू नये म्हणून ओबडधोबड ग्रॅनाइटचे चिरे ओळीने उभे केलेले. त्यांना लोक ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. ओढे आणि मोटाररस्ते ओलांडण्यासाठी सतरा पूल झाले. त्यांतले सोळा त्यांच्या खर्चाने. गाभा काँक्रीटचा, पण दर्शनी काम बेटावरच्या दगडाचे, आणि एका पुलासारखा दुसरा नाही. पहिला पूल १९१७ सालचा, ओढ्यातल्या गोट्यांचा. खणलेल्या कडा उघड्या दिसू नयेत म्हणून बिॲट्रिक्स फॅरंड ह्या बाईंनी तिथल्याच रानातली झाडेझुडपे लावून घेतली. त्यांचे कौशल्य असे, की हे लावलेले आहे हे आज सांगूनही पटत नाही.

मी शाळेत असताना साताऱ्याला यवतेश्वरचा घाट सायकलने चढण्याच्या पैजा लागत, आणि अर्ध्या घाटात उतरून सायकल हाती धरणारे आम्हीच असायचो. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात भाचीबरोबर ह्या बेटावर गेलो आणि तिने दोन सायकली भाड्याने घेतल्या, तेव्हा माझ्या गुडघ्यांनी आधी कुरकुर केली. पण चढ लागला तरी उतरावे लागले नाही. रस्ता घोड्याचा विचार करून आखलेला. गाडीला जुंपलेल्या घोड्याची छाती फुटेल असा चढ नाही, वळणावर गाडी कलंडेल असा वाक नाही. डोंगराला वळसे घेत, उंचीशी हुज्जत न घालता तो वर जातो. घोड्याला जे मानवते ते साठीच्या माणसालाही मानवते, हा शोध मला तिथे लागला! चढ संपला की एकदम झाडी सरते, खाली जॉर्डन तळे आणि पलीकडे समुद्र दिसतो. हेही योगायोगाने नव्हे. कुठल्या वळणावर काय दिसावे हे आखणाऱ्याने ठरवलेले आहे. तळ्याकाठच्या उपाहारगृहात शंभरावर वर्षांच्या प्रघाताप्रमाणे चहाबरोबर टम्म फुगलेला, आतून पोकळ असा एक पाव मिळतो. त्याला पुरीचा गोरा मावसभाऊ म्हणायला हरकत नाही.

पण हे सारे सुखासुखी झाले असे वाचकांनी समजू नये. बेटावर दुसरे एक काम आधीपासून चालू होते. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट आणि जॉर्ज डॉर ह्यांनी १९०१ साली एक मंडळ काढून, जंगल तोडणाऱ्यांच्या हाती जाण्याआधी जमिनी लोकांसाठी मिळवायला सुरुवात केली होती. डॉर ह्यांनी तर आयुष्य आणि घरची संपत्ती दोन्ही त्यात घातली. त्या जमिनी त्यांनी देशाला दिल्या. १९१६ साली त्या राष्ट्रीय स्मारक झाल्या, १९१९ साली राष्ट्रीय उद्यान, आणि १९२९ साली त्या उद्यानाचे नाव अकेडिया पडले. रॉकफेलरांचे रस्ते आता ह्या उद्यानात शिरू लागले, तेव्हा वाद पेटला. विरोध करणारे मोटारवाले नव्हते. ते रानावर प्रेम करणारेच होते. पेन्सिल्व्हेनियाचे जॉर्ज व्हॉर्टन पेपर, जे पुढे सेनेटर झाले, त्यांचे म्हणणे असे, की मोटार असो वा घोडागाडी, रस्ता म्हटला की रान कापले गेलेच. पायवाटेने जे निर्जन कोपरे भेटतात ते रस्ता झाल्यावर निर्जन राहायचे नाहीत. १९२० साली ह्या विरोधापुढे रॉकफेलरांनी एका रस्त्याचे काम थांबवलेही. १९२४ साली वॉशिंग्टनला मंत्री ह्यूबर्ट वर्क ह्यांच्यापुढे सुनावणी झाली आणि कौल रस्त्यांच्या बाजूने पडला.

पेपर ह्यांचा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. रस्ता हा रानाला दिलेला घावच असतो. पण ज्याला डोंगर पायी चढवत नाही अशा म्हाताऱ्याने, लहान पोराने, अपंगाने रान कधी पाहायचेच नाही काय? रॉकफेलरांनी स्वतःच्या जमिनीवरचे रस्तेही लोकांना खुले ठेवले आणि पुढे सुमारे ११,००० एकर जमीन उद्यानाला देऊन टाकली. मोटारवाल्यांनाही त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही. त्यांच्यासाठी निराळा मोटाररस्ता व्हावा म्हणून मदत केली. मोटार आपल्या वाटेने जावी आणि घोडा आपल्या वाटेने, अशी ती वाटणी होती.

१९४७ च्या ऑक्टोबरात बेटाला वणवा लागला. १७,००० एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. त्यात श्रीमंतांचे कित्येक बंगले गेले. जळालेल्या सूचिपर्णी रानाच्या जागी भूर्जासारखी पाने गाळणारी झाडे आली, आणि शरदात ह्या रस्त्यांवर जो पिवळ्यातांबड्या पानांचा सडा पडतो, तो त्या वणव्याची देणगी आहे. १९६० साली रॉकफेलर वारले, आणि रस्त्यांना दुसरा वणवा लागला, सावकाश जाळणारा. देखभालीला माणसे अपुरी. चर बुजले, मोऱ्या तुंबल्या, वरचा थर वाहून गेला, ‘दात’ पडले, ठरवून मोकळी ठेवलेली दृश्ये झाडीने झाकली. घोडागाड्यांचा जमाना तर केव्हाच संपला होता. रस्ते होते, पण कोणासाठी हे कळेनासे झाले होते.

तेव्हा सायकल आली. ज्यांना मोटारीने कडेला ढकलले होते, ते १९८० नंतरच्या दशकात जाड टायरांच्या नव्या सायकलींवर बसून ह्या रस्त्यांवर परतले. त्यांच्या चाकांनी आधीच उखडलेला रस्ता आणखी उखडला हे खरे. पण रस्त्याला वापरणारे मिळाले, म्हणून त्याला वाली मिळाला. १९८६ साली उद्यानाच्या स्नेह्यांची एक संस्था निघाली. १९९२ ते १९९५ ह्या काळात सरकारी पैशाने रस्ते मुळाबरहुकूम दुरुस्त झाले, आणि पुढे ते पुन्हा मोडू नयेत म्हणून ह्या संस्थेने ३४ लाख डॉलरांचा कायम निधी उभा केला. त्याच्या व्याजातून आजही चर साफ होतात. तिथला नियम मला फार आवडला. सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची, आणि दोघांनी घोड्याला. ज्याच्यासाठी रस्ता बांधला त्याचा मान अजून राखलेला आहे.

हे पाहताना मराठी माणसाला माथेरान आठवणारच. आपल्याकडेही मोटार दस्तुरीपाशी थांबते, आणि २००३ साली केंद्र सरकारने तो सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. पण तिथल्या शांततेची किंमत माणसांनी ओढायच्या हातरिक्षांनी किती वर्षे चुकवली! २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती प्रथा सहा महिन्यांत बंद करा असे सांगावे लागले. मोटार नाही एवढ्याने रस्ता चांगला होत नाही. तिच्या जागी कोण राबतो, आणि त्या रस्त्यावर कोणाला येता येते, हेही पाहावे लागते.

माउंट डेझर्टचे रस्ते म्हणूनच मला मोलाचे वाटतात. एका धनिकाने हौसेसाठी ते बांधले, पण घाईने बांधले नाहीत आणि स्वतःपुरते ठेवले नाहीत. त्यांवरून शेवटी कोण जाणार, हे बांधणाऱ्यांना ठाऊक नव्हते. चढ मात्र त्यांनी असा ठेवला, की मागून येणाऱ्या कोणाचीही छाती फुटू नये.