के-वन वर्ल्ड मॅक्स २००४ : अंतिम लढत आणि नियमांचा इतिहास

प्रस्तावना

क्रीडा इतिहास म्हटले की आपण विजेत्यांची यादी पाठ करतो. पण विजेता ठरतो तो नियमांच्या चौकटीत, आणि ती चौकट कोणीतरी आखलेली असते. हा मुद्दा आपण एका लढतीच्या आधारे समजून घेऊ.

पार्श्वभूमी

'किकबॉक्सिंग' हे नाव जपानी आयोजक ओसामु नोगुची यांनी १९६० च्या दशकात रूढ केले. कराटे आणि थायलंडचा मुए थाय यांच्या सामन्यांतून हा खेळ घडला. १९९३ मध्ये कराटे प्रशिक्षक काझुयोशी इशी यांनी 'के-वन' स्पर्धा सुरू केली. तिथे सुरुवातीपासून वजनदार खेळाडूंचे वर्चस्व होते. म्हणून २००२ पासून ७० किलो वजनमर्यादेची जागतिक स्पर्धा 'वर्ल्ड मॅक्स' या नावाने भरू लागली. के-वनमध्ये हाच मिडलवेट गट. पहिला विजेता नेदरलँड्सचा अल्बर्ट क्राउस. २००३ मध्ये त्यालाच हरवून जपानचा मासातो विजेता झाला.

दोन पद्धतींतील फरक

पारंपरिक मुए थायमध्ये पाच फेऱ्या असतात. कोपराचा वापर चालतो. प्रतिस्पर्ध्याची मान पकडून गुडघे मारणे, म्हणजे क्लिंच, ही तर मोठी कला मानली जाते. के-वनमध्ये मात्र तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या, बरोबरी झाल्यास जादा फेरी, आणि कोपरावर बंदी. शिवाय एकाच रात्री तीन लढती जिंकाव्या लागत.

७ जुलै २००४, टोकियो

योयोगी येथील अंतिम लढतीत मासातोसमोर थायलंडच्या सुरिन प्रांतातला बुआकाव पोर प्रमुक उभा होता. 'पोर प्रमुक' हे त्याच्या तालमीचे नाव. थाय खेळाडू तालमीचे नाव लावतात. प्रेक्षक यजमानाच्या बाजूचे होते. तीन फेऱ्यांनंतर निकाल लागला नाही. जादा फेरीनंतर पंचांनी बुआकावला विजयी ठरवले. त्याच्या लाथा आणि गुडघे यांना उत्तर सापडले नव्हते.

नंतरचे बदल

पुढे के-वनने क्लिंचमधील गुडघ्यांवर अधिक कडक मर्यादा घातल्या. बुआकावला रोखण्यासाठीच हे केले, असे अनेक चाहते मानतात. येथे विद्यार्थ्यांनी सावध राहावे. एक घटना दुसरीनंतर घडली, एवढ्याने ती तिचा परिणाम ठरत नाही. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला पकडीपेक्षा ठोसे अधिक भावतात, हेही एक कारण संभवते. दोन्ही शक्यता पुराव्यावर तपासाव्या लागतील.

२००५ च्या अंतिम लढतीत डच खेळाडू अँडी सौवरने जादा फेऱ्यांनंतर बुआकावला हरवले. २००६ मध्ये पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. या वेळी बुआकावने दुसऱ्याच फेरीत सौवरला नमवले, आणि तेही ठोशांनी. ज्याचे मुख्य शस्त्र नियमांनी बोथट केले होते, त्याने दुसरे शस्त्र पारजले. वर्ल्ड मॅक्स दोनदा जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला.

निष्कर्ष

नियम आवश्यकच असतात, पण ते तटस्थ असतातच असे नाही. कोणते कौशल्य गुणांस पात्र आणि कोणते दंडास, हे ठरवणाऱ्याकडे सत्ता असते. मात्र खेळाडूही केवळ नियमांचे प्यादे नसतो. २००६ चा निकाल हेच सांगतो.

स्वाध्याय

१. मुए थाय व के-वन यांच्या नियमांतील तीन फरक लिहा.
२. 'क्रम म्हणजे कारण नव्हे' हे विधान वरील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. तुमच्या प्रांतातील एखाद्या पारंपरिक खेळाचे नियम स्पर्धेसाठी बदलले असल्यास, त्याचा लाभ कोणत्या खेळाडूंना झाला ते शोधा.